ज्यांची नावे कुठल्याच फलकावर लागली नाहीत : बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूलमधले आपण पाहिलेले खेळाडू

मुळाकाठ (धागाकर्ता)

बिलियर्ड्स आणि स्नूकरमधल्या आपल्या थोर खेळाडूंची नोंद बऱ्यापैकी झालेली आहे. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तेच पद पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली हा मान पटकावला. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. या मंडळींबद्दल ज्याला वाचायचे आहे त्याला वाचायला मिळते. हा धागा मी काढतो आहे तो दुसऱ्याच खेळाडूंसाठी. त्यांचे नाव एकाही जिमखान्याच्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिले गेले नाही, मात्र जे त्यांच्याशी खेळून हरले त्यांच्या मनात त्यांच्या योग्यतेबद्दल कधी शंका उरली नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर असे खेळाडू मला प्रामुख्याने मार्करांमध्ये दिसले. ज्यांनी क्लबातली बिलियर्ड्सची खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो : मार्कर हा क्लबाचा पगारी माणूस. टेबल झाडणे, कापडाला इस्त्री करणे, क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टोकाशी नवी टिप बसवून ती घासून गोल करणे, सभासद खेळत असताना गुण मोठ्याने पुकारणे, लांबच्या फटक्यासाठी क्यूला टेकू देणारी रेस्ट हातात देणे आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे, एवढी सगळी त्याची कामे. खेळावर पोट असल्यामुळे तो व्यावसायिक ठरे आणि म्हणून हौशी स्पर्धांना तो अपात्र, ही रीत इंग्लंडातून इकडे आली आणि दीर्घकाळ टिकली. दिवसाचे कितीतरी तास टेबलाशेजारी काढणारा माणूस स्पर्धेबाहेर राहायचा आणि संध्याकाळी तासभर खेळणारा सभासद स्पर्धेत उतरायचा.

सत्तरच्या दशकात पुण्याच्या एका जिमखान्यात ज्या मार्करांशी मी खेळत असे त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. शंभराच्या डावात ते मला साठ गुणांची आघाडी देत आणि तरीही बहुतेक वेळा जिंकत, पण जिंकत ते चारपाच गुणांनीच. त्या वयात मला वाटे की माझा खेळ त्यांच्या जवळ पोहोचतो आहे. पुढे केव्हातरी माझ्या ध्यानात आले की माझ्याहून बऱ्या खेळाडूशीही ते चारपाच गुणांनीच जिंकतात आणि माझ्याहून कच्च्या खेळाडूशीही तेवढ्यानेच. समोरच्याचा हुरूप टिकला पाहिजे, त्याने उद्या पुन्हा यावे, हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. त्यामुळे त्यांचे खरे बळ किती, हे आमच्यापैकी कुणी कधीच पाहिले नाही. आम्ही पाहिला तो मोजून मापून दिलेला खेळ.

त्यांचा एक फटका मात्र मला आजही जसाच्या तसा दिसतो. लाल चेंडू टेबलाच्या मध्याच्या किंचित वर असायचा. ‘डी’मधून, म्हणजे टेबलाच्या खालच्या टोकाकडच्या अर्धवर्तुळातून, लाल चेंडूच्या अर्ध्या भागावर नेम धरून (हाफ-बॉल) ते आपला चेंडू लालला लावून मधल्या पॉकेटात घालीत, म्हणजे इन-ऑफ करीत, आणि लाल चेंडू वरच्या कुशनला लागून, होता त्याच जागी परत येई. पुन्हा तोच फटका, पुन्हा तीन गुण. आम्ही सगळे पॉकेटात जाणाऱ्या पांढऱ्या चेंडूकडे पाहत असू आणि मामा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. टिप चेंडूला लागली की त्यांची नजर लाल चेंडूवर जाई आणि तो थांबेपर्यंत हलत नसे. माझे गुण ते खणखणीत आवाजात पुकारत, स्वतःचे मात्र जेमतेम ऐकू येतील एवढ्यावर.

जे लिहितील त्यांना एवढीच विनंती आहे की ‘त्यांच्यासारखा खेळाडू जगात नव्हता’ असे लिहून थांबू नये. त्यांचा एखादा फटका, एखादी सवय किंवा एखादा डाव, जो तुम्ही स्वतः समोर उभे राहून पाहिला, तो लिहावा. आणि जी माणसे सार्वजनिक जीवनात नव्हती त्यांची नावे इथे देऊ नयेत. त्यांच्या घरच्यांना ते आवडेलच असे नाही.

गिरगावकर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मार्करांबद्दल आपण जे लिहिले आहे त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण तिच्यामुळे या माणसांचे नुकसान नेमके कुठे झाले ते कळते.

स्क्वॉश आणि गोल्फ हे खेळही आपल्याकडे क्लबांतूनच वाढले आणि तिथेही पगारी माणसांना हौशी स्पर्धा बंदच होत्या. पण त्या खेळांना एक खुले दार होते. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्क्वॉश शिकवणारे अब्दुल बारी हे १९५० साली ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. त्यांचे आप्त हाशिम खान पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावातून आले होते आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या कोर्टावर चेंडू गोळा करता करता खेळ शिकले होते. त्यांनी १९४४ साली मुंबईतली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९५१ साली थेट ब्रिटिश ओपन. गोल्फमध्ये दिल्लीचे अली शेर कॅडी म्हणून सुरुवात करून १९९१ साली इंडियन ओपन जिंकले. म्हणजे नोकर म्हणून ज्या मैदानावर उभे राहिले, त्याच मैदानाने त्यांना पुढे नेले.

बिलियर्ड्समध्ये तसे दारच नव्हते. व्यावसायिक जगज्जेतेपदाचा सामना १९३४ नंतर थेट १९५१ साली झाला आणि त्यानंतर १९६८ पर्यंत पुन्हा नाही. आपल्याकडे नामांकित मार्कर क्लबाक्लबांतून होते तो काळ नेमका हाच. हौशी स्पर्धेत त्यांना प्रवेश नव्हता कारण ते व्यावसायिक, आणि व्यावसायिक स्पर्धाच भरत नव्हती. सगळा दोष आपल्याकडच्या क्लबांच्या कोतेपणावर टाकला जातो तेव्हा मला हे सांगावेसे वाटते. कोतेपणा होताच, पण दुसरीकडे जायलाही जागा नव्हती.

ज्या मार्करांशी मी खेळलो ते दक्षिण मुंबईतल्या एका क्लबात होते आणि मूळचे कोकणातले. त्यांचा जोर नर्सरी कॅननवर होता. कॅनन म्हणजे आपला चेंडू एकाच फटक्यात दुसऱ्या दोन्ही चेंडूंना लावणे. तिन्ही चेंडू कुशनजवळ वीतभर जागेत आणून ते इतक्या हळू फटक्यांनी कॅनन करीत की टिप चेंडूला लागल्याचा आवाजही येत नसे. प्रत्येक कॅननचे दोनच गुण, पण चेंडू जागचे फारसे हलतच नसत. पाहणाऱ्याला वाटे की काहीच घडत नाही, आणि तेवढ्यात फलकावर तीस-चाळीस गुण चढलेले असत.

सहावा_पॉकेट

धागा उत्तम आहे, परंतु एक सावधगिरी सुचवतो. आठवणीतला खेळाडू दर वर्षी थोडा थोडा मोठा होत जातो. गीत सेठी यांनी १९८९ च्या राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेत १४७ चा ब्रेक केला, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण मिळवले, तो पंचांसमोर आणि तपासलेल्या टेबलावर केला. याउलट ‘आमच्याकडचा अमुक रोज शंभराचा ब्रेक करायचा’ हे वाक्य ऐकले की मला आधी पॉकेटांची तोंडे किती रुंद होती ते विचारावेसे वाटते. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत उपनगरांतल्या कित्येक पार्लरमधली टेबले अशी होती की जबड्यापासून दोन बोटे लांब लागलेला चेंडूही आत जाई. गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून पॉकेटे मुद्दाम सैल ठेवली जात. तिथे शंभर करणारा माणूस कसलेल्या टेबलावर चाळिशीतच अडखळताना मी पाहिला आहे.

कापडाचाही प्रश्न आहे. टेबलावरच्या लोकरी कापडाच्या तंतूंचा कल बॉकच्या, म्हणजे ‘डी’ असलेल्या खालच्या, बाजूकडून वरच्या बाजूकडे असतो. हळू मारलेला, साइड (बाजूची फिरकी) दिलेला चेंडू कलाच्या दिशेने गेला तर एका बाजूला वळतो आणि कलाच्या विरुद्ध गेला तर दुसऱ्या बाजूला. कापड झिजून गुळगुळीत झाले की हा फरक नाहीसा होतो आणि खेळ सोपा होतो. म्हणून ज्यांना आठवते त्यांनी टेबल कसे होते तेही लिहावे. मी हे कुणाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. ज्यांच्या खेळाची दुसरी कुठलीही नोंद नाही त्यांच्याबद्दल आपण सैल लिहिले, तर पुढच्या वाचकाला त्यातले काहीच खरे वाटणार नाही.

तापीतीर

सहावा_पॉकेट यांचे म्हणणे मला पटते, म्हणून टेबलापासूनच सुरुवात करतो. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधले ते टेबल पूर्ण मापाचे होते, बारा फूट बाय सहा फूट, खाली स्लेटच्या पाच लाद्या. पॉकेटे कडक होती. उन्हाळ्यात भुसावळच्या उष्म्याने कापड इतके कोरडे पडे की चेंडू थांबायलाच तयार नसे, आणि पावसाळ्यात तेच टेबल इतके जड होई की बॉकपासून वरच्या कुशनला जाऊन परत यायला चेंडूला दुप्पट जोर लागे. तिथे खेळणाऱ्याला एकाच टेबलावर दोन वेगवेगळे खेळ शिकावे लागत.

मी शाळकरी वयाचा होतो तेव्हा तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड यांची बरीच वस्ती होती. माझे वडील रेल्वेत असल्यामुळे मला इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळे. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. आम्ही मुले त्यांना अंकल म्हणत असू. गाडी आणून सोडली, अंघोळ केली की ते थेट टेबलावर येत. त्यांचा खेळ देखणा मुळीच नव्हता. मोठे ब्रेक त्यांनी क्वचितच केले. त्यांची खासियत डबल बॉक ही होती, आणि ती आता फारशी पाहायला मिळत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते समोरच्याचा चेंडू पॉकेटात घालीत. त्याचे गुण दोनच, पण समोरच्याची पाळी येईपर्यंत तो चेंडू टेबलावर परत येत नाही. मग पुढच्या एखाद्या फटक्यात ते लाल चेंडू आणि स्वतःचा चेंडू दोन्ही बॉकरेषेच्या, म्हणजे ‘डी’ला लागून असलेल्या आडव्या रेषेच्या, मागे आणून ठेवीत आणि क्यू टेकवून बाजूला होत. आता समोरच्याने ‘डी’मधून खेळायचे, पण बॉकमधल्या चेंडूंवर त्याला सरळ मारता येत नाही. आधी चेंडू रेषेबाहेर पाठवून, कुशनवरून उलटा आणूनच त्यांना स्पर्श करावा लागतो. मोकळे हिरवे टेबल समोर पसरलेले आणि मारायला काही नाही, अशी अवस्था होई. मी घाबरून जोरात मारी, चेंडू विखुरले जात, आणि अंकल मग सावकाश वीस-पंचवीस गुण गोळा करीत. एकदा त्यांनी मला थांबवून सांगितले होते की अशा वेळी गुण मिळवायचा विचारच करू नये, दोन्ही चेंडू पुन्हा बॉकमध्येच राहतील इतक्या हलक्या हाताने त्यांना शिवून यावे. आपलेच हत्यार कसे बोथट करायचे हे समोरच्या पोराला शिकवणारा खेळाडू मला नंतर भेटला नाही.

पुढे त्या वस्तीतली बरीच कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली, तेही पर्थला गेले. चार वेळा हौशी बिलियर्ड्सचे अजिंक्यपद मिळवणारे बॉब मार्शल त्याच पर्थचे, आणि त्यांचे १९६२ चे विजेतेपदही पर्थलाच झाले. तिथल्या एखाद्या टेबलावर अंकलचा खेळ चालू राहिला असेल असे मी धरून चाललो आहे.

रानजाई

इथे बहुतेक आठवणी पुरुषांच्या येणार हे दिसते आहे, आणि त्यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. कित्येक क्लबांत बिलियर्ड्सच्या खोलीत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. सभासदाची पत्नी पत्त्यांच्या खोलीत बसू शके, टेनिस खेळू शके, पण त्या खोलीच्या दारातून आत जाऊ शकत नसे. जपानच्या मासाको कात्सुरा १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत थ्री-कुशन या बिलियर्ड्सच्या प्रकाराच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांसोबत खेळल्या. आपल्याकडे अशी कुणी असती तरी तिला सरावाला टेबल कुठे मिळाले असते, हा प्रश्न उरतोच.

ज्यांच्याविषयी मला लिहायचे आहे त्या ठाणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत राहत. वसाहतीच्या क्लबात नियम तेवढे कडक नव्हते आणि दुपारी टेबल मोकळे असे. मी कॉलेजात होते, त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या, मी त्यांना काकू म्हणत असे. त्यांच्या यजमानांना खेळाची आवड, पण लवकरच काकू त्यांच्या पुढे गेल्या. उंची बेताची असल्यामुळे बारा फुटी टेबलावर निम्म्याहून अधिक फटक्यांना त्यांना रेस्ट घ्यावी लागे. एक पाय जमिनीवर असलाच पाहिजे हा नियम त्या काटेकोर पाळत. त्यामुळे झाले असे की बाकीचे लोक ज्या फटक्याला नाइलाजाने रेस्ट घेत आणि चुकत, तो फटका काकूंच्या हातचा मळ होता. स्पायडर, म्हणजे उंच पायांची रेस्ट, लावून, वर उचललेल्या क्यूने मधल्या चेंडूवरून स्नूकरमधला गुलाबी चेंडू पॉट करणे, म्हणजे पॉकेटात घालणे, मी नंतर फक्त दूरदर्शनवर व्यावसायिकांचे पाहिले.

आणखी एक गोष्ट फक्त बायकांनाच सुचेल. कपड्याचा स्पर्श चेंडूला झाला तरी फाऊल होतो. साडी नेसून या खेळात उभे राहायचे म्हणजे पदराचा बंदोबस्त आधी करावा लागे. काकू पदर पाठीवरून घेऊन कमरेला इतका घट्ट खोचीत की वाकल्यावर तो तसूभर सुटत नसे, आणि डाव्या हातातल्या बांगड्या मनगटावरून मागे सारून त्यांवर रुमाल बांधीत, म्हणजे त्या टेबलावर घासू नयेत. ही तयारी चालू असताना त्यांचे लक्ष टेबलावर असे. रुमालाची गाठ बसेपर्यंत त्यांचे पहिले तीन फटके ठरलेले असत. मी त्यांना एकदाही हरवू शकले नाही.

मुळाकाठ (धागाकर्ता)

रानजाई, आपला प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. काकू कधी स्पर्धेत उतरल्या का?

रानजाई

वसाहतीच्या वार्षिक स्पर्धेत एकदा त्यांनी नाव दिले होते. महिलांसाठी वेगळा गट नाही आणि पुरुषांच्या गटात घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारले नाही, मात्र दुपारचा खेळ सोडला नाही.

ओहायोस्थित

मी पूलबद्दल लिहितो, कारण तो खेळ मी इथे अमेरिकेत आल्यावर शिकलो. मार्करांची कथा वाचताना मला इथल्या कृष्णवर्णीय खेळाडूंची आठवण झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले जेम्स इव्हान्स यांचा खेळ ज्यांनी पाहिला ते त्यांना त्या काळातल्या विजेत्यांच्या तोडीचे मानत, पण कातडीच्या रंगामुळे त्यांना मोठ्या स्पर्धांत खेळू दिले गेले नाही. पुढच्या पिढीतल्या सिसेरो मर्फी यांना १९६५ साली प्रवेश मिळाला आणि कॅलिफोर्नियातल्या बरबँकची स्पर्धा त्यांनी जिंकली. दार उघडल्याबरोबर जर असा निकाल लागला असेल, तर आधीच्या तीस-चाळीस वर्षांत बाहेर किती जण उभे होते याचा विचार करावा.

पूलमध्ये अज्ञात राहण्याला आणखीही एक कारण होते, आणि ते त्या खेळाडूंनी स्वतः निवडलेले होते. गावोगाव फिरून पैशांवर खेळणाऱ्याला प्रसिद्धी परवडत नसे. माझ्याच राज्यातल्या कँटनचे डॉन विलिस हे पुढे जगज्जेते झालेल्या ल्यूथर लॅसिटर यांच्याबरोबर गावोगाव फिरत, पण स्वतः स्पर्धांपासून दूर राहिले. छायाचित्र छापून आले की पुढच्या गावात खेळायला कुणी तयार होत नाही. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस १९८५ साली ह्यूस्टनला आले ते सीझर मोरालेस हे नाव घेऊन, आणि त्यांनी तिथली स्पर्धा जिंकली. आज त्यांना या खेळातले सर्वश्रेष्ठ मानणारे असंख्य लोक आहेत. लहानपणी ते मनिलात आपल्या काकांच्या पूलगृहात चेंडू लावण्याचे काम करीत आणि टेबलापर्यंत हात पोहोचावा म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभे राहत. आपल्या मार्करांची आणि त्यांची सुरुवात एकाच ठिकाणी झाली, पुढच्या वाटा मात्र फार वेगळ्या निघाल्या.

ज्यांच्याशी मी खेळलो ते कोलंबसमधले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचा आवडता प्रकार वन-पॉकेट. यात प्रत्येक खेळाडूला खालच्या बाजूचे एकच कोपऱ्याचे पॉकेट मिळते आणि पंधरापैकी आठ चेंडू आधी आपल्या पॉकेटात घालणारा जिंकतो. नेम चांगला असून इथे भागत नाही. ते पांढरा चेंडू नेहमी दुसऱ्या एखाद्या चेंडूला चिकटवून ठेवीत, इतका की मधून कागद जाणार नाही. मला टेबलावरचे सगळे चेंडू दिसत, पण ज्या चेंडूला हात लावावा तो त्यांच्याच पॉकेटाकडे सरकेल अशी मांडणी असे. अशा वेळी मी काय करतो ते पाहत ते शांतपणे क्यूला खडू लावीत उभे राहत. तापीतीर यांनी लिहिलेला डबल बॉक वाचून मला वाटले की भुसावळ आणि कोलंबस इथल्या दोन माणसांनी एकमेकांना न भेटता तोच विचार केला होता : समोरच्याला चांगला फटका उरूच द्यायचा नाही.

सहावा_पॉकेट

ओहायोस्थित यांच्या माहितीबद्दल आभार, पण पैशांवर खेळणाऱ्यांना या यादीत मामा किंवा काकूंच्या शेजारी बसवणे मला जड जाते. नवख्याला फसवून, मुद्दाम हरून, नंतर बोली वाढवून त्याचा खिसा रिकामा करणे हा त्या खेळाचा भाग होता. पार्लरांच्या दिवसांत याच नादाने शिक्षण सोडलेली मुले मी पाहिली आहेत. कौशल्य मान्य करावे, पण तेवढ्यावर थांबावे.

निळा खडू

सहावा_पॉकेट यांच्या म्हणण्याची दुसरी बाजू माझ्याकडे आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ठाण्यातल्या एका पूल पार्लरमध्ये मी जात असे. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, एवढीच तिथली पैज. तिथे एक मुलगा कामाला होता, माझ्याच वयाचा. चेंडू लावणे, टेबल पुसणे आणि वेळ लिहून ठेवणे हे त्याचे काम. त्याच्याजवळ स्वतःचा क्यू नव्हता, पार्लरचा वाकडा क्यू तो टेबलावर फिरवून बघायचा आणि वाक कुठल्या बाजूला आहे ते पाहून मगच हातात धरायचा.

एट-बॉलमध्ये आपले सगळे चेंडू घालून झाल्यावर शेवटी काळा घालायचा असतो. आम्ही सगळे जो चेंडू सोपा दिसेल तो आधी मारत असू. हा मुलगा ब्रेक झाल्यावर आधी काळ्या चेंडूकडे पाही, मग काळ्याआधी कुठला चेंडू ठेवायचा ते ठरवी आणि तिथून उलटा मोजत पहिल्या चेंडूपर्यंत येई. चिकटलेले दोन चेंडू असतील तर ते तो सुरुवातीलाच, हाताशी दुसरा सोपा चेंडू शिल्लक असताना फोडी, म्हणजे फोडल्यानंतर अडकायला होणार नाही. हे सगळे त्याला कुणी शिकवले नव्हते. मला मात्र त्याने शिकवले, मालक बाहेर गेल्यावर, आणि टेबलाची वेळ न लिहिता. पैसे लावून खेळायला त्याला बाहेरच्या लोकांनी अनेकदा बोलावले, तो गेला नाही. पुढे तो आखातात नोकरीला गेला आणि पार्लरही बंद पडले. मुंबईच्या आदित्य मेहता यांनी २०१३ साली दिल्लीत व्यावसायिक स्नूकरच्या मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली तेव्हा मला आनंद झालाच, पण त्या मुलाला चांगले टेबल आणि एखादा गुरू मिळाला असता तर तो कुठवर गेला असता, हाही विचार आल्यावाचून राहिला नाही.

इस्त्रीवाला

मी इथे वाचक म्हणून बरीच वर्षे आहे, लिहितो आहे पहिल्यांदाच. माझे वडील मार्कर होते. क्लबाचे आणि गावाचे नाव देत नाही. मी त्यांच्याशी खेळलो आहे, म्हणून या धाग्याच्या अटीत बसतो असे समजून लिहितो.

मुळाकाठ यांनी लिहिले आहे की मार्करचे खरे बळ कुणी पाहिलेच नाही. सभासदांनी पाहिले नाही हे खरे आहे. वडिलांना स्वतःच्या सरावासाठी टेबल वापरायची परवानगी नव्हती. अपवाद एकच होता. सकाळी कापडाला इस्त्री केल्यानंतर टेबल नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी थोडे चेंडू मारून पाहणे हे कामातच धरलेले होते. इस्त्री नेहमी बॉककडून वरच्या बाजूकडे, कापडाच्या कलाने फिरवायची, उलटी कधीच नाही. पावसाळ्यात आधी ब्रशने दमट धूळ काढायची, मग इस्त्री जरा जास्त वेळा फिरवायची, पण एकाच जागी थांबवायची नाही, नाहीतर कापड पिवळे पडते. हे सगळे आटोपून सभासद यायच्या आधी जो वेळ उरे तोच त्यांचा सराव. म्हणून ते इस्त्री फार झपाट्याने करीत. क्लबात त्यांच्या कामसूपणाचे कौतुक होई. ती घाई कशासाठी आहे हे घरात आम्हाला ठाऊक होते.

मी चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर सुट्टीत त्यांना मदत करायला जाऊ लागलो. टेबल तपासायला दोघे असले तर तक्रार होत नसे. माझ्यासमोर त्यांना चारपाच गुणांनी जिंकायचे बंधन नव्हते, आणि त्यांनी मला कधी आघाडीही दिली नाही. सहावा_पॉकेट यांना परिस्थिती हवी आहे म्हणून सांगतो : पॉकेटे कडक होती, चेंडू क्रिस्टलेट या जुन्या कृत्रिम द्रव्याचे आणि कापड बहुधा नुकते इस्त्री केलेले, म्हणजे कल पूर्ण जागा झालेला. अशा टेबलावर ते लाल चेंडू स्पॉटवरून, म्हणजे वरच्या बाजूच्या त्याच्या ठरलेल्या खुणेवरून, पॉट करीत, मग कॅनन, मग पुन्हा पॉट, असे वरच्या बाजूला राहून खेळत. इन-ऑफ ते सभासदांसमोर जास्त खेळत, कारण त्यात डाव कुठेही थांबवणे सोपे जाते. वरच्या बाजूचा खेळ त्यांनी सभासदांना क्वचितच दाखवला.

त्यांचा सर्वांत मोठा ब्रेक किती, ते मला सांगता येणार नाही. गुण पुकारणे हा दिवसभराचा धंदा असल्यामुळे त्या वेळी ते मुद्दाम मोजत नसत आणि मलाही मोजू देत नसत. मी एक फटका मारून बाजूला होई, आणि पुष्कळदा असे घडे की माझी दुसरी पाळी येण्याआधीच पहिले सभासद येत आणि आम्हाला चेंडू उचलावे लागत.

गिरगावकर

इस्त्रीवाला, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. एक विचारतो, योग्य वाटले तर उत्तर द्यावे. सभासदांची आपसांत पैज लागे तेव्हा मार्करांना त्यातले काही मिळत असे का? आमच्या क्लबात मिळत असे, पण ते उघडपणे कुणी बोलत नसे.

इस्त्रीवाला

मिळत असे. सणाला बक्षिसी वेगळी. पण वडील ज्याच्या बाजूने खेळत त्याच्याकडूनच पैसे घेत, समोरच्याकडून नाही, आणि पैजेच्या डावात ते ठरवून हरले असे मी कधी पाहिले नाही. चारपाच गुणांनी जिंकणे त्यांना नोकरीचा भाग वाटे. हरण्याचे पैसे घेणे त्यात बसत नसे. सहावा_पॉकेट यांनी काढलेल्या मुद्द्याला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

तापीतीर यांना एक विचारायचे आहे : डबल बॉकमधून सुटताना अंकल वरच्या कुशनवरून येत की बाजूच्या? वडील बाजूच्या कुशनवरून, साइड देऊन येत, आणि पावसाळ्यात मात्र वरच्या कुशनवरून सरळ.

तापीतीर

बहुतेक वेळा वरच्या कुशनवरून, जवळजवळ सरळ. साइड देत नसत, कारण परतीचा चेंडू कलाच्या विरुद्ध येतो आणि हळू असेल तर कुठे वळेल याचा भरवसा नाही, असे ते म्हणत. उन्हाळ्यात टेबल वेगवान असताना त्यांनी बाजूच्या कुशनवरून केलेला प्रयत्न मी पाहिला आहे, पण तो त्यांना फारसा आवडत नसे. आपल्या वडिलांना ताज्या इस्त्रीच्या कापडावर तो फटका साधत असेल, तर त्यांचा हात अंकलपेक्षा बराच तयार होता असे मी म्हणेन.